फोटो आणि माणूस
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



सजद्याला जाताना गुडघा कुरकुरू लागला, की घरातील मंडळी म्हणतात, "एकदा फोटो काढून घ्या." त्या फोटोविषयीच आज मी आपल्याशी बोलणार आहे.

१८९५ साली जर्मनीत राँटजेन यांनी क्ष-किरण शोधून काढले आणि जिवंत माणसाची हाडे दिसू लागली. परंतु कण्यातील मज्जारज्जू आणि गुडघ्यातील कूर्चा या मऊ वस्तू साध्या क्ष-किरण फोटोत उमटत नाहीत. म्हणून १९२२ च्या सुमारास फ्रान्समधील सिकार व फोरेस्तिए यांनी कण्यात आयोडीनयुक्त तेल टोचून मज्जारज्जूभोवतालची पोकळी फोटोत आणली. पुढे १९७३ साली अमेरिकेत लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादाने चित्र काढण्याची रीत प्रसिद्ध केली. तीच आजची एम.आर.आय. प्रबळ चुंबकात शरीरातील पाण्याच्या हायड्रोजनची अणुकेंद्रे रेडिओलहरींना जो प्रतिसाद देतात, त्यावरून हे चित्र तयार होते. त्यात क्ष-किरण नाहीत, आणि मज्जारज्जू व कूर्चा स्वच्छ दिसतात.

मग आता निदान चुकायला नको, असे आपणांस वाटेल. पण संशोधन काय सांगते ते पाहा. १९९४ साली अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ माणसांची एम.आर.आय. तपासणी झाली. त्यांपैकी ५२ टक्के लोकांच्या कण्यातील निदान एक चकती फुगलेली निघाली! २००८ साली तेथेच ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे गुडघे पाहिले. ज्यांच्या गुडघ्यातील मेनिस्कस नावाची गादी फाटलेली होती, त्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागील महिन्यात ना वेदना होती, ना आखडलेपणा.

याचा अर्थ काय? फोटो खोटे बोलत नाही. पण त्यात दिसणारी प्रत्येक गोष्ट दुखण्याचे कारण नसते. वयाबरोबर केस पिकतात, तशी गादीही झिजते. तेव्हा अहवालातील एखादा शब्द वाचून घाबरू नका, आणि केवळ त्या शब्दावरून शस्त्रक्रियेची घाई करू नका. डॉक्टरांनी अंगाला हात लावून तपासले पाहिजे, आपले म्हणणे ऐकले पाहिजे. मग फोटो त्याच्याशी ताडून पाहावा.

मात्र उलट चूकही करू नका. पाठदुखीबरोबर पायांतील बळ कमी होऊ लागले, लघवी-शौचावरील ताबा सुटला, किंवा ताप येऊन वजन घटू लागले, तर तेल चोळीत बसू नका. तेथे विलंब झाल्यास माणूस कायमचा पंगू होऊ शकतो. अशा वेळी ताबडतोब रुग्णालय गाठा.

विद्यार्थी मित्रहो, अकराव्या शतकात इब्न अल-हैसम यांनी प्रकाश आणि दृष्टी यांवर मोठा ग्रंथ लिहिला. डोळ्यात प्रकाश शिरला म्हणजे पाहणे पुरे होत नाही, त्याला बुद्धीच्या निर्णयाची जोड लागते, हे त्यांनी त्यात मांडले. यंत्रे बदलली, तरी ते तत्त्व बदललेले नाही. आपल्यापैकी जे उद्या डॉक्टर किंवा तंत्रज्ञ होतील, त्यांनी फोटो जरूर पाहावा. पण त्याआधी समोरच्या माणसाकडे पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

खुदा हाफिज.