टहरौलीच्या भट्ट्या आणि कायद्याचा हात

झाशी जिल्ह्यातील टहरौली तहसील ज्या बुंदेलखंडात मोडते, तेथील अवैध दारूचा इतिहास हा मुख्यतः स्त्रियांचा इतिहास आहे. परंतु तो गुन्ह्यांच्या नोंदवहीतून वाचला गेल्यामुळे त्यातील अन्याय दृष्टीआड राहिला आहे. १९१० च्या संयुक्त प्रांत अबकारी कायद्याने, म्हणजे मादक पदार्थांवरील कर व परवाने ठरवणाऱ्या कायद्याने, दारू गाळणे हा परवानेदाराचा हक्क ठरवला आणि विनापरवाना पेटलेली मोहाची भट्टी त्याच्या कलम ६० खाली गुन्हा ठरली.

या भागातील कबुतरा जमातीच्या डेऱ्यांवर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्त्यांवर, हे काम बहुतांशी बायका करत आल्या. चैत्राच्या सुमारास गळलेली मोहाची फुले वेचून वाळवायची, गूळ व पाणी घालून ती कित्येक दिवस आंबवायची आणि तयार झालेले लहन, ज्याला महाराष्ट्रातील पंचनाम्यात रसायन म्हटले जाते, चुलीवर चढवून त्याची वाफ थंड करून उतरवायची, असा हा कष्टाचा उद्योग आहे. छापा पडला की पथक लहन ओतून देते आणि भट्ट्या फोडते. दुसऱ्या दिवशीच्या भाकरीचा प्रश्न मात्र पंचनाम्यात येत नाही. मैत्रेयी पुष्पा यांच्या 'अल्मा कबूतरी' या २००० साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी कादंबरीतील कदमबाई याच व्यवसायावर जगते, आणि बुंदेलखंडातील हे वास्तव इतक्या जवळून दाखवणारे साहित्य विरळाच.

बाईच्या हाती भट्टी का आली, याचे उत्तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात सापडते. या कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर हजेरीची बंधने घातली, आणि पोलिसांचा संशय पुरुषांवर कायमचा खिळून राहिल्याने घर चालवण्याचा भार स्त्रियांवर पडला. महाराष्ट्रातील कंजारभाट स्त्रियांच्या हातभट्ट्यांमागेही हीच साखळी आहे; सोलापुरात तर अशा जमातींना तारेच्या कुंपणामागील सेटलमेंटमध्ये, म्हणजे सक्तीच्या वसाहतीत, ठेवले होते.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केल्यावर शहरातही बाई पुढे आली. घरातल्या खोलीत गुपचूप प्याले भरणाऱ्या 'आंटीं'चे अड्डे आणि डोंगरीतील जेनाबाई दारूवाली यांची नावे अद्याप सांगितली जातात; मात्र त्यांच्याभोवती जमलेली साहसकथेची झळाळी डेऱ्यावरच्या स्त्रीच्या वाट्याला आली नाही, तिच्या वाट्याला कोर्टाच्या तारखाच आल्या.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त, म्हणजे कायद्याच्या शिक्क्यातून सुटलेल्या, म्हणवल्या जाऊ लागल्या. जमीन आणि दुसरा धंदा न देता दिलेली ती मुक्ती अपुरी होती, आणि छाप्यांनी ती पुरी होणार नाही.