विश्वासाचा उंबरठा

मनुष्य दुसऱ्यावर सहजासहजी विश्वास का टाकीत नाही, याचे मर्म पंचतंत्राच्या ‘मित्रसंप्राप्ती’ या दुसऱ्या तंत्रात सापडते. चित्रग्रीव कपोताचे पाश हिरण्यक मूषकाने तोडलेले पाहून लघुपतनक नावाचा कावळा त्याच्या बिळाशी आला व मैत्री मागू लागला. मूषकाने आतूनच विचारले, भक्ष्य आणि भक्षक यांचे सख्य कसे जुळावे?

हा संशय दोषास्पद म्हणता येत नाही. विश्वास चुकला तर दुर्बलाचे प्राण जातात, बलवंताचे काहीच जात नाही. अखेर, आपल्या बिळात कधीही पाऊल टाकू नये, या अटीवर मूषकाने मैत्री मान्य केली. कावळ्याने ती अट पाळली. नित्य अन्नाची देवघेव होऊ लागली. आणि पुढे तोच मूषक त्याच्या पंखांत शिरून निःशंकपणे गोष्टी करू लागला.

तात्पर्य, विश्वास मागून मिळत नाही. सावकार असो, अधिकारी असो वा घरातील कर्ता पुरुष असो, जो समर्थ आहे त्यानेच प्रथम दुसऱ्याची मर्यादा सांभाळावी. ‘लोक विश्वास ठेवीत नाहीत’ असे म्हणण्यापूर्वी, त्यांच्या उंबरठ्याबाहेर आपण किती काळ थांबलो, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे.