बांधाच्या दोन बाजू

समुद्राची पातळी वाढते आहे. तेव्हा खारभूमीचे बांध उंच व भक्कम करा, ही शेतकऱ्यांची मागणी रास्तच आहे. बांध फुटला की खारे पाणी भातखाचरांत शिरते आणि जमीन नापीक होते. परंतु बांधाला शेताची बाजू असते, तशी खाडीचीही असते. कांदळवन तोडून बांध घातला, तर माशांच्या पिलांचा आसरा जातो आणि लाटांचा मारा थेट बांधावर येतो. उघाडी नादुरुस्त राहिली, तर पावसाचे पाणी शेतातच तुंबते.

दाभोळकरांना हे निराळे सांगायला नको. कोयनेचे पाणी पोफळीस वीज निर्माण करून वाशिष्ठीमार्गे याच खाडीत येते. लोटे-परशुरामचे औद्योगिक सांडपाणीही इथेच. योजनांचे हिशेब वेगवेगळे, खाडी मात्र एकच!

१९७९ साली खारभूमी विकासाचा कायदा झाला. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनतोडीस मनाई केली. या दोहोंची सांगड ग्रामसभेतच घालावी लागेल. बांधाच्या आखणीपूर्वी तेथे शेतकऱ्याशेजारी मच्छीमारही बसला पाहिजे, आणि उघाडीच्या देखभालीची तरतूद आरंभीच झाली पाहिजे. एकाचे शेत राखताना दुसऱ्याचे जाळे रिकामे करणाऱ्या योजनेस विकास म्हणता येणार नाही.