खाणीची माती आणि नदीचा गाळ

मुळशीच्या माणसानें कोळशाच्या खाणीविषयीं बोलावें याचें आपणांस नवल वाटेल. आमच्या मावळांत भात पिकतो. कोळसा मुळींच नाहीं. तथापि कोळशाचा आणि आमचा संबंध जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजीं पाण्याची वीज मिळावी म्हणून मुळा-निळेच्या संगमावर टाटांचें धरण आलें, आणि त्याविरुद्ध १९२१ सालीं सत्याग्रह झाला. सेनापती बापटांचें नांव त्याशीं कायमचें जोडलें गेलें. धरण व्हावयाचें तें झालेंच. जेथें खरोखर कोळसा निघतो तेथल्या नदीची काय अवस्था असते, हें पाहण्याची इच्छा मला त्या गोष्टीमुळेंच फार दिवस होती. शाळेंतून मोकळा झाल्यावर मी चंद्रपुरास जाऊन आलों.

शहराच्या कडेनें इरई वाहते. महाकालीच्या देवळाजवळची झरपट तिलाच मिळते, व इरई पुढें वर्धेस मिळते. आजूबाजूस उघड्या खाणी आहेत. उघडी खाण म्हणजे विहीर नव्हे. कोळशावरचा सारा माती-मुरूम आधीं उपसून कोठें तरी टाकावा लागतो, आणि तो कोळशाच्या कितीतरी पट भरतो. त्याचे डोंगर झाले, व त्यांतले कांहीं अगदीं नदीकांठीं झाले. पावसाळ्यांत त्यांच्या अंगावरून घळी पडतात, माती पात्रांत उतरते, पात्र उथळ व अरुंद होतें. वरच्या अंगास औष्णिक वीजकेंद्रासाठीं बांधलेलें धरण. त्याचे दरवाजे उघडले कीं लोंढा येतो. खालीं वर्धा तुडुंब असली तर ती इरईचें पाणी घेत नाहीं. मग पाण्यानें जावें कोठें? २००६ सालीं आणि पुन्हां २०१३ सालीं तें वस्तींत शिरलें.

एका घरांत म्हातारबाईंनीं मला भिंतीवरची रेघ दाखविली. पूर ओसरल्यावर त्यांनीं ती कोळशाच्याच तुकड्यानें ओढली होती. "गुरुजी, पाणी एका दिवसांत गेलं, चिखल काढायला महिना लागला," असें त्या म्हणाल्या.

त्यानंतर इरईचा गाळ काढण्याचीं कामें झालीं. पण गाळ काढणें आणि नदी साफ करणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें मला अनुभवानें ठाऊक आहे. आमच्या गांवचा ओढा एका पुरानंतर दगडमातीनें भरला होता. मीं मुलांना घेऊन आठ दिवसांत तो मोकळा केला आणि गाळाचे ढीग मोठ्या अभिमानानें दोन्ही तीरांवर रचले. मृगाच्या दुसऱ्याच सरींत ते सगळे ढीग ओढ्यांत परत आले! मुलें हंसलीं, मलाही हंसावें लागलें. पुढच्या वर्षीं आम्हीं आधीं वरच्या उतारावर दगडी ताली घातल्या, मग खालून गाळ काढला व गाड्या भरून खाचरांत नेला. भात बरें आलें.

खाणीच्या मातीचें मात्र असें करतां येत नाहीं. कोळशाबरोबरच्या दगडांत पुष्कळदा गंधक आणि लोह यांचें संयुग असतें. हवा व पाणी लागलें कीं त्यापासून आम्ल होतें. तें पाणी झिरपतें तेथें तांबूस साका बसतो, आणि आम्ल फार झालें तर मासेही टिकत नाहींत. म्हणून ही माती तपासल्यावांचून शेतांत घालूं नये. ढिगाच्या पायथ्याशीं भिंत, तिच्याआड पाणी निवळण्यासाठीं खड्डे, उतारावर गवत व झाडें, एवढें झाल्यावर मग यंत्र नदींत उतरवावें. तेंही काठ ओरबाडून नव्हे. काठच्या झाडांच्या मुळ्यांनींच तीर धरून ठेवलेला असतो. आणि उपसलेल्या मातीला सर्वांत योग्य जागा म्हणजे कोळसा काढून रिकामे झालेले खाणीचेच खड्डे. तेथवर वाहतुकीचा खर्च येतो खरा. पण म्हातारबाईंनीं महिनाभर उपसलेल्या चिखलाचा खर्च कोणत्या खात्यांत धरला आहे, हें मला कोणी सांगितलें नाहीं.