लिहिणाऱ्याचं नाव


टीव्हीवरचा विनोदवीर आपल्याला हसवतो.
पण त्याच्या तोंडचं वाक्य
आधी कुणीतरी लिहिलेलं असतं.

अमेरिकेत टीव्हीचे एमी पुरस्कार सुरू झाले 1949 साली.
पुढे विनोदी मालिका आणि व्हरायटी शो
यांच्या लेखनालाही एमी मिळू लागली.
व्हरायटी शो म्हणजे गाणी, नाच, प्रहसनं,
सगळं एकाच कार्यक्रमात.

कार्ल रायनर अशाच एका कार्यक्रमात काम करत.
त्या अनुभवातून त्यांनी
‘द डिक व्हॅन डाइक शो’ उभा केला.
त्याचा नायकच मुळी विनोदी लेखक!
या लेखनासाठी रायनर यांना लागोपाठ तीन वर्षं एमी मिळाली.
होय, वाक्य कुणीतरी लिहिलेलं असतं,
आणि लिहिणाऱ्याचाही मान असतो.

मला सगळ्यात मोलाची वाटते
ती टॉम स्मदर्स यांची गोष्ट.
टॉम आणि डिक हे दोघे विनोदवीर भाऊ.
त्यांच्या कार्यक्रमात व्हिएतनाम युद्धावर टीका असायची.
सीबीएस वाहिनी त्याला कात्री लावायची.
शेवटी 1969 मध्ये तिने कार्यक्रमच बंद केला.

त्याच वर्षी
त्या कार्यक्रमाच्या लेखकांना एमी मिळाली!
टॉमही त्या लेखकांमधलेच,
पण यादीत त्यांचं नाव नव्हतं.
आपल्या नावावरून वाद होईल,
सहकाऱ्यांचा पुरस्कार हुकेल,
म्हणून त्यांनी ते स्वतःच काढून घेतलं होतं.

2008 मध्ये टॉम यांना
एमीच्या मंचावर तो हुकलेला मान मिळाला.
देणारे होते स्टीव्ह मार्टिन,
त्याच लेखकांमधले एक,
1969 मध्ये अगदी तरुण असलेले.