प्रेशरची गोळी आणि कोरडा खोकला

औषधाचा धोका तपासणं हैदराबादला नवं नाही. क्लोरोफॉर्मची भूल जिवावर का बेतते, हे शोधायला १८८८ आणि १८८९ साली निजामाच्या खर्चानं इथं दोन आयोग बसले होते.

आज आपल्या घरातलीच गोष्ट. ब्लडप्रेशरसाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल सुरू असतं आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, कोरडा खोकला लागतो. घशात खवखव, कफ मात्र नाही. मग काढे होतात, सिरपच्या बाटल्या रिकाम्या होतात, दोष हवेला. गोळीवर संशय कुणी घेत नाही! डॉक्टरांना सांगा, टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी देता येते. मनानं गोळी बंद करू नका, प्रेशर उसळतं.

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, तर गोष्ट वेगळी. ही सूज वर्षानुवर्षं गोळी सोसल्यावरही येऊ शकते. पुढची गोळी घेऊ नका, १०८ला फोन करा. श्वास अडकेपर्यंत थांबू नका. नंतर त्या औषधाचं नाव फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या.

दुष्परिणामाची नोंद रुग्णालाही करता येते. त्यासाठी राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक आहे, १८००-१८०-३०२४. फोन करताना गोळीची पट्टी हाताशी ठेवा, बॅच नंबर तिच्यावरच असतो.