यंत्रे मोजली, बॉयलर कोण मोजणार?



अध्यक्षाने थोडक्यात बोलावे असा संकेत आहे आणि तो मोडण्याची परंपराही तितकीच जुनी. आज निदान विषय तरी एकच ठेवू: अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेले मेन हे राज्य आणि तिथल्या घराघरांत बसवलेले हीट पंप.

समोर बसलेली मंडळी एसीच्या धंद्यातली. एप्रिल-मेमध्ये ज्यांचा फोन लागत नाही, तीच. त्यांना हीट पंप शिकवायला नको. भिंतीवर तोच स्प्लिट, बाहेर तोच आउटडोअर. रिव्हर्सिंग व्हॉल्व्हने गॅसची वाट उलटी फिरवली, की बाहेरच्या गार हवेतली उष्णता खोलीत येते. एका युनिट विजेत अडीच-तीन युनिटांची ऊब पदरात पडते, कारण यंत्राला उष्णता तयार करायची नसते, उचलून आणायची असते. ज्या देशांत वर्षातले सहा-सहा महिने घर तापवावे लागते, तिथे हा हिशेब संसाराचा हिशेब ठरतो.

मेनची लोकसंख्या सुमारे 14 लाख, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षाही कमी. खडकाळ किनारा, अफाट जंगल आणि जुनी लाकडी घरे. घराच्या तळघरात बॉयलर किंवा भट्टी, शेजारी 275 गॅलनची, म्हणजे हजारेक लिटरची तेलाची टाकी. थंडी सुरू झाली की दारात टँकर. राज्यातली दहातली सहा घरे याच तेलावर तापत आली. तेलावर इतके विसंबलेले दुसरे राज्य अमेरिकेत नाही. आणि राज्यात तेलाची एकही विहीर नाही! युक्रेनचे युद्ध पेटले त्या 2022 साली भाव गॅलनला 5 डॉलरांच्या वर गेला. एकदा टाकी भरायची तर 1,200 डॉलरांहून अधिकची चाट, आणि हिवाळ्यात एका टाकीवर भागत नाही.

राज्य सरकार मात्र युद्धाआधीच कामाला लागले होते. जॅनेट मिल्स 2019 मध्ये गव्हर्नर झाल्या आणि त्याच वर्षी त्यांनी एका कायद्यावर सही केली: 2025 पर्यंत राज्यात एक लाख नवे हीट पंप. अंमलबजावणी ‘एफिशियन्सी मेन’ या निमसरकारी न्यासाकडे. वीजग्राहकांच्या बिलातला छोटा आकार, ईशान्येकडच्या राज्यांनी मिळून चालवलेल्या कार्बन लिलावातला वाटा, अशा वाटांनी त्याच्याकडे पैसा येतो. न्यासाने सवलती जाहीर केल्या, कंत्राटदारांची यादी लोकांपुढे ठेवली. कम्युनिटी कॉलेजांनी तंत्रज्ञ घडवायला घेतले. केनेबेक व्हॅली कॉलेजने तर त्यासाठी खास प्रयोगशाळाच उभारली. जुलै 2023 मध्ये, मुदतीच्या दोन वर्षे आधी, लाखाचा आकडा पार झाला. सरकारी उद्दिष्ट मुदतीआधी पुरे झाल्याची बातमी आपल्याकडे सहसा कुणी खरी मानत नाही. ही खरी आहे.

‘एवढ्या थंडीत हा पंप चालतो कसा?’ ही शंका मेनमध्येही घरोघरी होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. जुन्या पिढीची यंत्रे शून्याच्या आसपास माना टाकत. मित्सुबिशी, फुजित्सू, डायकिन या जपानी कंपन्यांनी इन्व्हर्टर कॉम्प्रेसर सुधारला, तेव्हा उणे 25 अंशांतही तग धरणारी मॉडेल्स बाजारात आली. फेब्रुवारी 2023 च्या पहिल्या आठवड्यात त्यांची परीक्षाच झाली. शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधील माउंट वॉशिंग्टन शिखरावर पारा उणे 44 पर्यंत उतरला, मेनही गारठून गेले. यंत्रांची कार्यक्षमता घटली, तशी ती घटणारच. पण ऊब मिळत राहिली.

अर्थात यंत्राइतकाच बसवणारा महत्त्वाचा. तिकडे आउटडोअर जमिनीवर ठेवला तर जानेवारीत तो बर्फाखाली गडप होतो. म्हणून तो भिंतीवर ब्रॅकेटने किंवा उंच स्टँडवर चढवायचा, छपराच्या पागोळ्या त्यावर पडणार नाहीत अशी जागा शोधायची, डीफ्रॉस्टचे पाणी वाहून जाऊन पायवाटेवर गोठणार नाही हे पाहायचे. डीफ्रॉस्ट सुरू झाला की यंत्रातून वाफेचा लोट निघतो. पहिल्या हिवाळ्यात घरमालकाला वाटते, पेटले की काय! हे आधीच समजावून सांगणारा तंत्रज्ञ भेटला, तर शेजारच्या घरातली ऑर्डरही त्यालाच मिळते.

आता कौतुकातली मेख. लाख यंत्रे बसली, पण तळघरातले किती बॉयलर थंडावले? सुरुवातीच्या योजनेत एकेका यंत्रावर सवलत होती, बहुतेकांसाठी काही शे ते हजार-बाराशे डॉलर. लोकांनी बैठकीच्या खोलीत एक स्प्लिट लावला, उन्हाळ्यात त्याचा गारवा घेतला, आणि हिवाळ्यात बॉयलर पूर्वीसारखाच धडधडत राहिला. त्यात थर्मोस्टॅटचे भांडण. स्प्लिटचा सेन्सर वर, छताजवळच्या उबदार हवेत. बॉयलरचा थर्मोस्टॅट पॅसेजच्या थंड भिंतीवर. दोन्ही एकाच आकड्यावर लावले की पंपाला वाटते खोली तापली, बॉयलरला वाटते घर गारठले. पंप गप्प बसतो, तेल जळते आणि बिल दोन्हीकडून येते. उपाय साधा: पंप चार-दोन अंश वर ठेवायचा, बॉयलर बराच खाली, आणि रात्री पंप बंद करायच्या सवयीला रजा द्यायची.

न्यासाने हे ओळखले आणि सप्टेंबर 2023 पासून सुट्या यंत्राची सवलत थांबवून घराची बहुतांश गरज भागवणाऱ्या संचालाच पैसे द्यायचे ठरवले. कोणत्याही उत्पन्न गटाला 4,000 डॉलरांपर्यंत, मध्यम उत्पन्नाला 6,000, अल्प उत्पन्नाला 8,000. मेनच्या धोरणातली खरी शहाणपणाची गोष्ट ही, लाखाचा आकडा नव्हे. राजकारण्यांना मात्र मोजदाद यंत्रांचीच सोयीची. त्याच सुमारास सरकारने 2027 पर्यंत आणखी पावणेदोन लाख पंपांचे उद्दिष्ट ठेवले.

एवढे करूनही एक दुखणे राहिलेच: वीज. न्यू इंग्लंडमध्ये वीज बरीचशी नैसर्गिक वायूवर तयार होते. वायू कडाडला तशी 2022 आणि 2023 मध्ये विजेची बिलेही कडाडली आणि तेल सोडून आलेल्यांना आगीतून फुफाट्यात पडल्यासारखे झाले. शेजारच्या मॅसॅच्युसेट्सने यावर हीट पंपवाल्या घरांना हिवाळ्यापुरता कमी वीजदर देण्याचा मार्ग काढला. यंत्रावर सवलत एकदाच मिळते. दर मात्र यंत्र चालेल तितकी वर्षे भरावा लागतो.

केंद्राचा हात कायम पाठीशी राहतो असेही नाही. वॉशिंग्टनकडून हीट पंपाच्या खर्चावर 30 टक्के, कमाल 2,000 डॉलरांची करसवलत मिळत असे. जुलै 2025 च्या कायद्याने ती त्या वर्षाअखेर संपवली. ज्या राज्यांनी स्वतःचा न्यास, स्वतःचा निधी आणि स्वतःचे तंत्रज्ञ उभे केले होते, त्यांनाच हा धक्का त्यातल्या त्यात सोसवणारा. पैशाइतकाच कामाचा क्रमही महत्त्वाचा. कॅनडाच्या चिमुकल्या प्रिन्स एडवर्ड आयलंड प्रांताने गरिबांपासूनच सुरुवात केली: अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना पंप पूर्ण मोफत, आणि मग उत्पन्नाची मर्यादा टप्प्याटप्प्याने वर. याउलट जर्मनीने 2023 मध्ये नव्या हीटिंगसाठी 65 टक्के नवीकरणीय ऊर्जेची अट कायद्यात आणली, तेव्हा सत्ताधारी आघाडीतच जुंपली. सक्ती आधी आणि कारागीर नंतर, हा क्रम कुठेच पचत नाही.

आपल्याकडे घर तापवायची गरज नाही. आपली उष्णतेची भूक आहे ती सकाळच्या आंघोळीच्या पाण्याची. दोन किलोवॅटचा गीझर घराघरांत एकाच वेळी सुरू होतो. तेच पाणी हीट पंप साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या विजेत तापवतो. हॉटेले आणि रुग्णालये तो वापरू लागली आहेत, गृहनिर्माण सोसायट्या अजून किंमत विचारून परत फिरतात. छतावरच्या सौर पॅनेलांसाठी ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते, तसे काही उद्या गरम पाण्यासाठीही येऊ शकेल. आले, तर आपल्या एसी व्यावसायिकांच्या संघटनेने मसुदा ठरतानाच दोन गोष्टी लेखी मागाव्यात. अनुदान विकलेल्या यंत्रांवर नको, काढून टाकलेल्या गीझरवर द्या. आणि पहिला हप्ता आयटीआयच्या रेफ्रिजरेशनच्या वर्गांना द्या. ज्यांच्या ओळखीत अशा संस्थेचे प्राचार्य असतील, त्यांनी योजनेची वाट न पाहता एक जुना हीट पंप त्यांच्या कार्यशाळेत पोहोचवावा, ही विनंती.